प्रोफेसर केळफा आणि क्लिपिंग रीजन

मॅगझिनच्या मराठी विभागाला लेख पाहिजे म्हणून संपादक मंडळातली मुलं गेले दोन आठवडे माझ्या केबिनच्या चकरा मारतायत. कॉम्प्युटर ग्राफिक्स शिकवणारा माणूस काहीतरी टेक्निकल लिहून देईल, अशी त्यांची अपेक्षा. पण मी लिहिणार आहे दादासाहेब फाळक्यांवर. भारतीय चित्रपटाचे जनक वगैरे तुम्ही शाळेत पाठ केलेलं आहे. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो, हेही स्पर्धा परीक्षावाल्यांना ठाऊक असेल. तेवढं सोडून उरलेले फाळके मला सांगायचे आहेत. आणि ते मला कसे भेटले हे आधी सांगायला हवं, कारण ते भेटले क्लिपिंग रीजनच्या एका चुकीतून!

मी बी.ई.ला होतो तेव्हाची गोष्ट. गाव दौंड तालुक्यात, हॉस्टेल शिरूरच्या बाजूला. लोडशेडिंगचे दिवस. लाईट आली की रात्री दोनला उठून प्रोजेक्टला बसायचं. मी हौसेने दौंड जंक्शनच्या यार्डाचा नकाशा स्क्रीनवर काढायला घेतला होता. तेव्हा पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला सोडून दुसऱ्या टोकाला लावावं लागे. लहानपणापासून ते पाहत आलो होतो, तेच स्क्रीनवर दाखवायचं होतं. नकाशा मोठा, त्यामुळे एका चौकटीत यार्डाचा तेवढाच भाग दिसावा आणि बाजूला गाड्यांची यादी असावी, असा बेत. रूळ चौकटीबाहेर पसरून यादीवर चढू नयेत म्हणून क्लिपिंग रीजन लावलं.

मेकॅनिकल, सिव्हिलच्या मंडळींसाठी थोडं थांबतो. दौंडला मालगाडीच्या वाघिणीवर नंबर टाकताना पाहिलं असेल. पत्र्याचा स्टेन्सिल धरायचा आणि वरून बिनधास्त ब्रश मारायचा. रंग कापलेल्या जागेतच उतरतो, बाकीचा पत्र्यावर राहतो. क्लिपिंग रीजन म्हणजे तो पत्रा. प्रोग्रॅम हवी ती रेघ हवी तेवढी लांब काढायला सांगो, ग्राफिक्स लायब्ररी रीजनच्या आतले पिक्सेल रंगवते आणि बाहेरचे सोडून देते. चूक धरत नाही, एरर देत नाही, गपचूप सोडून देते. स्क्रीनवर एकावर एक विंडो असतात तेव्हाही हेच चालतं. खालच्या विंडोचा आयत घ्यायचा, वरच्यांनी झाकलेला भाग त्यातून वजा करायचा, आणि जो वेडावाकडा आकार उरतो तेवढ्यातच खालचीला रंगवू द्यायचं.

तर माझा नकाशा स्क्रोल केला की रूळ चुकीच्या जागी तुटायचे. डावीकडे यार्ड अर्धं गायब, उजवीकडे रूळ सरळ यादीवर. तीन रात्री गेल्या. रेघा काढायचं फंक्शन दहा वेळा तपासलं. चूक तिथे नव्हतीच. विंडोजमध्ये सिलेक्ट-क्लिप-रीजनला दिलेलं रीजन डिव्हाइसच्या मापात धरलं जातं, आणि माझं चित्र होतं लॉजिकल मापात. ओरिजिन सरकवला की चित्र सरकायचं, पण पत्रा मात्र जागच्या जागी! दोन्ही एका मापात आणल्याशिवाय स्टेन्सिल आणि ब्रश यांची गाठ पडणार कशी?

माझा रूम पार्टनर त्र्यंबकचा. सुट्टीला दौंडला गाडी पकडून मनमाडमार्गे नाशिकला जायचा. त्या पहाटे मी चूक सापडल्याच्या आनंदात त्याला उठवून हे सगळं सांगितलं. त्याने पांघरुणातूनच ऐकून घेतलं, आणि हे तर आमच्या गावच्या फाळक्यांनी कॉम्प्युटर नसताना केलेलं काम आहे, असं सांगून तो परत झोपला. मला वाटलं, गावाचा अभिमान. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की गडी झोपेतही बरोबर बोलला होता.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईला विल्सन कॉलेजात नोकरी लागली आणि घर मुंबईला आलं. मुलाने वेदपठण करावं अशा घरातून हा मुलगा १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला आणि तिथून बडोद्याच्या कलाभवनात गेला. पेंटिंग, मॉडेलिंग, थोडं आर्किटेक्चर, फोटोग्राफी, छपाईचे ब्लॉक... एकाच शाखेत थांबणं नाही, प्रत्येकीत हात घातलेला. आजच्या भाषेत ब्रँच बदलत राहिलेला विद्यार्थी. आपल्याकडे असल्या मुलाला लोक काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे.

पुढे गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला. तिथे प्लेगमध्ये बायको आणि मूल दोघंही गेलं. स्टुडिओ बंद. मग माणूस जादूचे प्रयोग करू लागला, तेही प्रोफेसर केळफा या नावाने. फाळके उलटं वाचलं की केळफा! मला हे नाव फार आवडतं. आडनाव आरशात धरून स्टेजवर उभा राहणारा माणूस पुढे कॅमेऱ्याच्या आतल्या उलट्या प्रतिमेशी आयुष्यभर खेळणार होता. १९०२ मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं. या सरस्वतीबाई. त्यांच्याकडे परत यायचं आहे.

१९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफर म्हणून सरकारी नोकरी मिळाली. स्वदेशीच्या वाऱ्यात ती सोडून फाळके छपाईकडे वळले. लोणावळ्याच्या बाजूला राजा रविवर्म्यांचा छापखाना होता, त्यासाठी त्यांनी फोटोलिथोची कामं केली, मग स्वतःचा छापखाना काढला. रंगीत शिळाछपाई कशी चालायची ते इथे पाहण्यासारखं आहे. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. ज्या दगडावर तांबडा, त्याने फक्त तांबड्याच्या जागी शाई धरायची, बाकी दगड पाण्याने ओला, तिथे तेलकट शाई चिकटतच नाही. लक्ष्मीच्या साडीचा तांबडा आणि कमळाचा गुलाबी हे वेगवेगळ्या दगडांवरून एकाच कागदावर उतरायचे. कागद एक केसभर सरकला की ओठांचा रंग गालावर! म्हणजे कुठे रंग पडू द्यायचा नाही हे आधी ठरवायचं आणि सगळे थर एका मापात बसवायचे. हे फाळक्यांच्या हाताला चित्रपटाआधीच वळण लागलेलं होतं. १९०९ मध्ये ते जर्मनीला जाऊन तीनरंगी छपाईची यंत्रं पाहून आले. धंदा चालला, मग भागीदारांशी बिनसलं आणि फाळके सगळं सोडून बाहेर पडले. वय चाळीस. हातात काही नाही.

याच सुमारास मुंबईत एका तंबूवजा थिएटरात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त, आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण. हा प्रसंग सगळ्या चरित्रांत येतो, म्हणून लांबवत नाही. त्यानंतरचे महिने मात्र कोणी फारसं सांगत नाही. हा माणूस रोज सिनेमा पाही, घरी येऊन खेळण्यातल्या प्रोजेक्टरवर तुकडे चालवून बघे, झोप जवळजवळ नाही. शेवटी डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली, ती चष्म्यांच्या मदतीने. डोळे परत आले तर पुन्हा सिनेमाच!

पैसा कोण देणार? बारा हजारांची विमा पॉलिसी गहाण ठेवून दहा हजारांचं कर्ज काढलं आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये फाळके लंडनला गेले. ओळख ना पाळख. बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन उभे राहिले. संपादक कॅबोर्न यांनी आधी परावृत्त केलं, पण मग स्वतःच त्यांना सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टनच्या स्टुडिओत नेऊन सगळी खाती दाखवली. त्यात ट्रिक फोटोग्राफीही आली. हे त्यांचं इंडस्ट्रियल ट्रेनिंग! एप्रिलमध्ये फाळके परत. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला होता आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र.

भोकं पाडायचं यंत्र कशाला? कोरी फिल्म तेव्हा बिनभोकांची येई. काठाची ती भोकं नसतील तर कॅमेऱ्याचे दात फिल्म ओढणार कशी? पस्तीस मिलिमीटरच्या एका फ्रेमला दोन्ही काठांना चार-चार भोकं, एका फुटात सोळा फ्रेम. राजा हरिश्चंद्र ३७०० फुटांचा होता. गुणाकार तुम्हीच करा, आणि हे फक्त पडद्यावर दिसलेल्या लांबीचं झालं. ही भोकं पाडली सरस्वतीबाईंनी. दिवसभर सगळ्या माणसांचा स्वयंपाक, धुणी, शूटिंगच्या वेळी ऊन परतवायला पांढरी चादर धरून उभं राहणं, आणि हे सगळं उरकल्यावर अंधाऱ्या खोलीत फिल्म. तेव्हाच्या फिल्मला लाल उजेड जवळजवळ दिसत नसे, म्हणून लाल दिवा चाले. फिल्म धुणं, मिश्रणं तयार करणं हेही त्या शिकल्या. तारामतीचं काम करायला बाई मिळेना तेव्हा फाळक्यांनी त्यांनाच विचारलं होतं, असं सांगतात. त्यांनी नकार दिला. एवढं सगळं कोणी करायचं मग?

भोकं ही हमाली वाटते. पण थांबा, मुद्दा इथेच आहे.

तेव्हाच्या कॅमेऱ्यात ट्रिक कशी करत, ते पाहू. समजा एकाच माणसाला पडद्यावर दोन ठिकाणी दाखवायचंय. भिंगापुढे काळा पुठ्ठा लावून चौकटीचा उजवा अर्धा झाकायचा. माणूस डावीकडे उभा करायचा आणि हँडल फिरवायचं. एका फेऱ्यात आठ फ्रेम, सेकंदाला दोन फेरे. दहा सेकंदांचं दृश्य म्हणजे वीस फेरे, फिल्म दहा फूट. आता भिंग बंद करून तेवढेच वीस फेरे उलटे. फिल्म मूळ जागी आली. पुठ्ठा काढून डावा अर्धा झाकायचा, माणूस उजवीकडे, पुन्हा वीस फेरे. झाकलेल्या भागावर उजेड पडलेला नसतो, फिल्म तिथे कोरीच असते. म्हणून दुसऱ्या वेळचं चित्र त्या कोऱ्या जागेत उतरतं आणि पहिल्याला धक्का लावत नाही. दुसरी पद्धत काळ्या मखमलीची. जे दिसायला नको ते काळ्या मखमलीत गुंडाळायचं. काळ्यावरून उजेड येत नाही, म्हणजे फिल्मच्या दृष्टीने ते तिथे नाहीच.

ग्राफिक्सवाल्यांनो, ओळख पटली? पुठ्ठा म्हणजे आयताकृती क्लिप, मखमल म्हणजे हव्या त्या आकाराचा मास्क. दोन पुठ्ठ्यांच्या कडा जुळल्या नाहीत तर काय होतं तेही तेच. मध्ये फट राहिली की पडद्यावर काळी रेघ, एकावर एक चढल्या की त्या पट्टीवर दोनदा उजेड आणि पांढुरका डाग. विंडोजच्या आयतात उजवी आणि खालची कड धरत नाहीत, एकाची उजवी कड ती शेजारच्याची डावी, हा नियम याच दुखण्यावरचा उपाय आहे. ओरलला विचारतो तेव्हा शंभरातले नव्वद जण यावर गप्प बसतात, म्हणून लिहून ठेवतो. पुठ्ठा भिंगाच्या जवळ असल्याने त्याची कड पुसट येई, आणि तो पुसटपणा जोड लपवायला उपयोगी पडे. त्या काळचं अँटी-एलायसिंग म्हणा हवं तर.

आता भोकांकडे या. फिल्म पुढे गेली, मागे आली, परत पुढे गेली. प्रत्येक वेळी प्रत्येक फ्रेम मूळ जागी बसली तरच दोन अर्धे जुळणार. ती जागा ठरवतात काठाची भोकं. भोक किंचित सरकलं की फ्रेम सरकली, आणि मग माझ्या दौंडच्या यार्डासारखं, चित्र एका मापात आणि पत्रा दुसऱ्या. फरक एवढाच की मला स्क्रीनवर लगेच दिसत होतं. फाळक्यांना फिल्म धुवून होईपर्यंत काही कळत नसे, आणि चूक निघाली तर फिल्म गेली, दिवस गेला, माणसांचं जेवणखाण गेलं. अनडू नाही. सरस्वतीबाईंच्या लाल दिव्यातल्या कामावर हा सगळा डोलारा उभा होता.

त्याआधी सावकारांना पटवण्यासाठी फाळक्यांनी एक छोटी फिल्म केली होती. कुंडीत वाटाण्याचं बी पेरलं, आणि ठराविक वेळाने एकेक फ्रेम घेत गेले. कित्येक दिवसांचं वाढणं थोडक्या वेळात. रोपटं डोळ्यांदेखत वर येताना पाहून पैसे देणारे तयार झाले. एवढा स्वस्त आणि मुद्देसूद प्रोजेक्ट डेमो मी अजून पाहिलेला नाही.

राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. तारामती झाले साळुंके, मूळचे हॉटेलातले स्वयंपाकी. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. चित्रपट चालला, कंपनी नाशिकला हलली. मोहिनी भस्मासुर, सत्यवान सावित्री झाले. १९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले, आणि महायुद्ध पेटलं. परत येतात तो पैसा आटलेला. सरस्वतीबाईंचे दागिने आधीच गेलेले.

मग १९१७ मध्ये लंकादहन. राम आणि सीता दोन्ही कामं साळुंक्यांनी केली! लोकांनी खुशाल दोघांना हात जोडले. पाठोपाठ १९१८ मध्ये श्रीकृष्ण जन्म. यात कंसाला सगळीकडे कृष्ण दिसू लागतो, एक, दोन, अनेक. आणि कंसाचं मुंडकं धडापासून सुटून वर जातं आणि परत खाली येऊन बसतं. कृष्ण झाली होती फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. ती एकच होती, पण फिल्मच्या त्याच पट्टीवर जितक्या वेळा उतरेल तितके कृष्ण. हिशोब करा, प्रत्येक कृष्णासाठी फिल्म मागे घ्यायची, फेरे मोजायचे, आधीचे भाग झाकलेले ठेवायचे. शेवटचा कृष्ण चुकला की आधीचे सगळे वाया. आणि कॅमेऱ्यापुढे उभी आहे घरातलीच लहान पोरगी, तिने पापणी चुकीच्या वेळी हलवली तर कोणाला रागवणार?

१९१९ चा कालिया मर्दनही तिचाच. त्याच्या सुरुवातीला मंदाकिनी कृष्णाच्या वेशात येण्याआधी साध्या रूपात चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते. म्हणजे ही मुलगी आहे आणि हे नाटक आहे हे प्रेक्षकाला आधी सांगून मग देव दाखवायचा. त्याही पुढे जाऊन फाळक्यांनी चित्रपट कसे तयार करतात या विषयावर वेगळी फिल्म काढली. जादूगार आपली पेटी उघडून दाखवत नसतो. केळफा दाखवत होते. मला वाटतं त्यांना लोकांनी देवाला नमस्कार करावा असंही वाटे, आणि हे कसं केलं ते पोरांना कळावं असंही. दोन्हींत त्यांना विरोध दिसला नाही.

पुढची गोष्ट उताराची आहे. १९१८ मध्ये भांडवलदारांना घेऊन हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. पैसा आला, हिशोब विचारणारेही आले. फाळक्यांना हिशोब फिल्मचे कळत, भागीदारांचे नाही. राजीनामा देऊन काशीला निघून गेले, तिथे रंगभूमी नावाचं नाटक लिहिलं, काही काळाने परत आले, पण पूर्वीसारखं जमलं नाही. लहानमोठ्या चित्रपटांची संख्या शंभराच्या आसपास गेली. तोवर आवाज आला होता. सेतुबंधन मूकपट म्हणून १९३२ मध्ये पुरा झाला आणि मग त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी गंगावतरण केला, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. तो त्यांचा पहिला आणि शेवटचा बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला ते गेले, फारसा गाजावाजा न होता. सरस्वतीबाईंचं नाव एकाही चित्रपटाच्या श्रेयनामावलीत शोधून मला सापडलेलं नाही.

चित्रपटांपैकी बहुतेक नष्ट झाले. ती फिल्म नायट्रेटची, पेट घेणारी, आणि आतली चांदी काढून घ्यायला विकली जाणारी. जे तुकडे उरले ते आपल्या पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे. १९६४ मध्ये ते सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी फाळक्यांची रिळं हुडकून गोळा केली. हरिश्चंद्राची पहिलं आणि शेवटचं अशी दोनच, श्रीकृष्ण जन्मचा काही भाग, कालिया मर्दन मात्र बराचसा.

माझ्या लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. पुढे जागा नसली की आम्ही पडद्यामागे बसायचो, पाटीवरची अक्षरं उलटी, हिरो डावखुरा. तेव्हा प्रोजेक्टरशेजारी पडलेला फिल्मचा एक तुकडा मी उचलून आणला होता, दप्तरात बरेच दिवस होता. काठाची भोकं बोटाने चाचपत बसायचो, ती कशासाठी हे काही कळत नव्हतं.

श्रीकृष्ण जन्मचा तो तुकडा आता मी दर वर्षी एस.ई.च्या वर्गाला क्लिपिंगच्या आधी दाखवतो. मुलं मुंडकं उडताना हसतात. मी कंसाच्या मानेपाशी जोड शोधत असतो. फिल्म इतकी ओरखडलेली आहे की कुठली रेघ पुठ्ठ्याची आणि कुठली काळाची ते ओळखू येत नाही. गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने प्रतिमा थांबवायला सांगितली आणि पुढे येऊन बोट ठेवून दाखवलं, सर, इथे एक पिक्सेल सुटलाय.